अकरावी कोट्याला की नांदेडला? एमबीबीएस प्रवेशाच्या अटींविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न नांदेडच्या एका आईचा आहे. मुलगी यंदा दहावी झाली. प्रवर्ग ओबीसी, वडील खासगी नोकरीत. मुलीला नीटच्या क्लासेससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात ठेवायचं, अकरावी-बारावीही तिथल्याच शाळेतून करायची, असं घरात जवळजवळ ठरलं आहे. त्यांनी विचारलंय की बारावीला किती टक्के लागतात, गणित सोडावं का, दाखले केव्हा काढायचे, नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा किती वेळा देता येते, आणि काहीच जमलं नाही तर परदेशी पाठवावं का.

ताई, मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात बरीच वर्षं मुलांचे कागद तपासले आहेत. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो. टक्क्यांचं उत्तर दोन ओळींत संपेल. कोट्याला पाठवण्याचं संपणार नाही, आणि तो निर्णय या महिन्यातच व्हायचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याचा सीईटी कक्ष, म्हणजे राज्य शासनाचं प्रवेशाचं कार्यालय भरतं. या ८५ टक्क्यांसाठी उमेदवाराकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र हवं, आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. दोन्ही अटी एकत्र लागतात. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात राहणाऱ्या घरातल्या मुलीची बारावी राजस्थानातल्या शाळेतून झाली, तर अधिवास असूनही ती या ८५ टक्क्यांतून बाहेर पडते. राजस्थानच्या राज्य कोट्याला तिथले स्वतःचे रहिवासाचे नियम आहेत. दोन वर्षं वसतिगृहात राहून कोणी तिथलं होत नाही. म्हणजे तिच्या हाती उरतो तो १५ टक्क्यांचा देशभराचा कोटा, एम्स आणि जिपमेर या केंद्राच्या संस्था, आणि भरमसाट शुल्काची अभिमत विद्यापीठं.

कागद तपासताना मला सगळ्यात वाईट वाटायचं ते याच मुलांचं. मार्क चांगले, जात वैधता हातात, अधिवास हातात, आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर परराज्यातल्या शाळेचं नाव. त्यावर तपासणाऱ्याला काहीही करता येत नाही. आईवडिलांनी कर्ज काढून, मुलीच्या भल्यासाठीच घेतलेला निर्णय असतो, आणि तो घेताना हा नियम त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. क्लासवाले सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे सगळ्या देशातून मुलं येतात आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. अट बोर्डाची नाही, ठिकाणाची आहे. मुलगी सीबीएसईची असो की राज्य मंडळाची, शाळा महाराष्ट्रात असली की झालं. नियमाला मोजके अपवाद आहेत. सैन्यदलातले कर्मचारी, केंद्र सरकारचे आणि केंद्राच्या उपक्रमांचे कर्मचारी, राज्य शासनाचे बाहेर नेमलेले कर्मचारी यांच्या मुलांना ठरावीक अटींवर सवलत मिळते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. खासगी नोकरीतल्या माणसाच्या मुलीला यातलं काहीच लागू होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवासावरचं आरक्षण रद्द केलं ना, असं तुम्हाला कोणी सांगेल. तो निकाल पदव्युत्तर प्रवेशांचा होता, एमडी-एमएसचा. एमबीबीएसचा राज्य कोटा जसा होता तसाच आहे.

मग शिकवणीचं काय? तुम्ही नांदेडला राहता. राज्यभरातून मुलं नीटसाठी लातूर आणि नांदेडला येऊन खोल्या घेऊन राहतात. तुमच्या गल्लीत आलेलं सोडून हजार किलोमीटर लांब कशाला जायचं, हे मला खरंच कळत नाही. प्रवेश नांदेडच्या महाविद्यालयात नावापुरता ठेवून मुलगी कोट्याला ठेवायची, असा मधला मार्गही काही जण सुचवतात. मी तो सुचवणार नाही. हजेरी खोटी, प्रात्यक्षिकं खोटी, आणि पुढे तपासणी झाली तर भोगायचं मुलीने. सीबीएसईने २०२५ मध्येच बजावलं आहे की अशा डमी प्रवेशाच्या मुलांना बारावीच्या परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. शिवाय जिला डॉक्टर व्हायचं आहे तिने अकरावीत बेडकाचा सांगाडा, सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी, टायट्रेशन प्रत्यक्ष हाताळलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही मुलं लगेच ओळखू येतात.

आता टक्के. नीट आल्यापासून बारावीचे मार्क गुणवत्ता यादीत धरत नाहीत. यादी फक्त नीटच्या क्रमांकावर लागते. बारावी लागते ती पात्रतेपुरती: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीपासून चालत आलेली रेषा अशी की या तीन शास्त्र विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के हवेत. म्हणजे ३०० पैकी १५० किंवा १२०. यात इंग्रजी, गणित काहीच धरत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत पात्रतेचे शब्द बदलले असले, तरी तुम्ही जुनी रेषा डोळ्यासमोर ठेवूनच चाला, आणि प्रवेशाच्या वर्षी सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कागद तपासणारा माणूस त्या पुस्तिकेतलं वाक्यच धरतो, शेजाऱ्याच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी काय चाललं ते धरत नाही.

राज्य मंडळात प्रत्येक शास्त्र विषयाला ७० गुणांची लेखी आणि ३० ची प्रात्यक्षिक परीक्षा असते, त्यामुळे ही रेषा कठीण नाही. तरीही दर वर्षी काही मुलं नीटच्या नादात बोर्डाचा पेपर वाऱ्यावर सोडतात आणि एखाद्या विषयात अडकतात. मे महिन्यात नीट उत्तम गेलेली असते, आणि बारावी नापास.

गणिताचं तुम्ही मुलीलाच विचारा. एमबीबीएसला गणित लागत नाही, नीटमध्येही गणिताचा भाग नाही. पण भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांत गणिती हात असलेल्याचा वेळ वाचतो, आणि पुढे मन बदललं तर अभियांत्रिकीचं दार उघडं राहतं. तिला गणिताचा जाच वाटत असेल तर खुशाल सोडू दे. उलट बाजूने सांगायचं तर, बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या मुलांनाही आता वाट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केलं तरी चालेल. तुमच्या मुलीला त्याची गरज नाही, पण भाचे-पुतणे असतील तर त्यांना सांगा.

वयाची अट ३१ डिसेंबरला धरतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. लवकर शाळेत घातलेल्या मुलांची इथे अडचण होते. वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली आणि नीट किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही.

दाखल्यांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. राज्यातल्या ओबीसीच्या जागेसाठी तीन कागद वेगवेगळे लागतात: जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. पहिला आणि तिसरा सेतू किंवा आपले सरकारवरून काही आठवड्यांत मिळतो. दुसऱ्याचा भरवसा नाही. तो जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून येतो आणि समिती घराण्याचे जुने पुरावे मागते. ओबीसींसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणजे त्या तारखेच्या आधीच्या एखाद्या नोंदीत वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाची जात लिहिलेली दिसली पाहिजे: आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, चुलत आजोबांची जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे.

मराठवाड्यात यात एक वेगळी अडचण येते. हैदराबाद संस्थानाच्या काळातली दफ्तरं बरीचशी उर्दूत आहेत. आजोबांचा उतारा तसा निघाला तर त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्यावं लागतं आणि ते करणारे लोक आता कमी राहिलेत. नावातले फरकही इथेच उघडे पडतात. एका कागदावर आजोबांचं आडनाव आहे, दुसऱ्यावर नाही. एका ठिकाणी मारोती, दुसऱ्या ठिकाणी मारुती. वंशावळीच्या शपथपत्रात हे सगळं जुळवून घ्यावं लागतं. वडिलांना, काकांना किंवा आत्याला आधीच वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम खूप सोपं होतं.

म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच करायचा. महाविद्यालयाचं शिफारसपत्र लागतं, ते अकरावी विज्ञानला प्रवेश मिळाला की मिळतं. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या रांगा समितीच्या दारात मी पाहिल्या आहेत. मुलगी चांगले मार्क घेऊन खुल्या यादीत अडकते आणि वडील वकिलाकडे बसलेले असतात. आदिवासी घरातल्या पालकांना तर मी सांगेन की दहावीचा निकाल लागायच्या आधीच कागद गोळा करायला लागा. त्यांच्या समित्या वेगळ्या आहेत आणि तपासणी जास्त लांबते.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी ते चालू असल्याची खात्री करा. आणखी एक फरक नीटचा अर्ज भरायच्या आधीच समजून घ्या. राज्याचं ओबीसी आणि केंद्राचं ओबीसी या दोन वेगळ्या याद्या आहेत. अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आरक्षण २०२१ पासून मिळतं, पण त्यासाठी तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. नीटच्या अर्जात प्रवर्ग लिहायचा तो केंद्राच्या यादीप्रमाणे. राज्याचा प्रवर्ग सीईटी कक्षाच्या अर्जात स्वतंत्र सांगायचा असतो. मराठा समाजाच्या मुलांना २०२४ च्या कायद्याने राज्यात १० टक्के एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण आहे, पण केंद्राच्या अर्जात तो रकानाच नाही. तिथे ती मुलं खुली धरली जातात. सगळ्या कागदांवर मुलीचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच अक्षर न्‌ अक्षर ठेवा.

तुम्ही मराठवाड्याच्या वेगळ्या जागांबद्दल ऐकलं असेल. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी, ही पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली. आता नांदेडची मुलगी मुंबईच्या केईएमच्या जागेसाठी आणि मुंबईची मुलगी अंबाजोगाईच्या जागेसाठी एकाच यादीत असते. मराठवाड्यात जागा कमी होत्या, त्यामुळे इथल्या मुलांना याचा फायदाच झाला असं माझं मत आहे. मुलींसाठी राज्य कोट्यात ३० टक्के समांतर आरक्षण आहे. सरकारी महाविद्यालयंही वाढली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम दहा नवी सुरू झाली, त्यात हिंगोली आणि जालना तुमच्या जवळची आहेत.

नीटचे किती मार्क म्हणजे सरकारी जागा, हा प्रश्न तुम्ही पुढे विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो: मार्कांवरून अंदाज बांधू नका, क्रमांकावरून बांधा. पेपर ७२० गुणांचा असतो, बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्याला एक जातो. २०२४ मध्ये पेपर इतका सोपा होता की सुधारित निकालातही १७ जणांना पैकीच्या पैकी होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कटऑफचे मार्क भिंतीवर चिकटवून अभ्यास करण्यात अर्थ नाही. गुण सारखे पडले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे मार्क बघतात. जीवशास्त्राला ३६० गुण आहेत, म्हणजे अर्धा पेपर. तिथे एकही मार्क सोडायचा नाही, हे मुलीला पहिल्या दिवसापासून सांगा.

पात्र होणं आणि जागा मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० वा पर्सेंटाइल, राखीव प्रवर्गाला ४० वा लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, परीक्षा दिलेल्या शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात तो आकडा. २०२५ मध्ये ५० वा पर्सेंटाइल १४४ गुणांवर होता. त्या वर्षी २२ लाखांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या एकूण जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या खासगी. "आमची मुलगी नीट क्वालिफाय झाली" असं ऐकलं की दलालांचे फोन सुरू होतात ते याच कारणाने.

या दलालांपासून जपा. खासगी महाविद्यालयाची जागाही नीटच्या क्रमांकावर आणि शासनाच्या फेऱ्यांतूनच मिळते, संस्थात्मक, म्हणजे संस्थेच्या वाट्याच्या कोट्यातलीसुद्धा. बाहेरून पैसे देऊन जागा पक्की करणं म्हणजे पैसे बुडवणं. राज्यातल्या खासगी महाविद्यालयांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतला तर ओबीसीच्या शुल्क सवलती लागू होतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचं उत्पन्न त्यात बसत असेल तर खासगी महाविद्यालयाकडे बघण्याची तुमची नजरच बदलेल. अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. तिथे अनेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर शुल्क आहे.

फेऱ्यांचे नियम त्या वेळी वाचालच, पण दोन गोष्टी आत्ता कळलेल्या बऱ्या. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर नुकसान नाही, दुसरीत सोडली तर अनामत जाते, आणि तिसऱ्या फेरीत रुजू झालात की बाहेर पडता येत नाही. राज्याच्या फेरीत प्रवेश घेतल्यावर, मिळालेलं महाविद्यालय पसंत असेल तरच जागा कायम ठेवण्याचा फॉर्म भरायचा. तो भरला की पुढच्या फेरीत वरची जागा मिळत नाही. न भरता वरची जागा लागली तर आधीची आपोआप जाते. पसंतीक्रम म्हणून नीट विचार करून लावा. नंतर महाविद्यालय बदलून घेऊ, ही आशा ठेवू नका.

पुन्हा प्रयत्न करण्याबद्दल. एक वर्ष थांबणं योग्य आहे, जर पहिल्या वेळी जागा थोडक्यात हुकली असेल आणि मुलीचं स्वतःचं मन असेल. दुसऱ्यांदा थांबायच्या आधी मी घरच्यांना थांबवतो. बीएएमएस, बीडीएस, बीपीटी, नर्सिंग यांचे प्रवेश त्याच सुमारास चालू असतात, आणि १९-२० वर्षांची मुलगी सलग तिसऱ्या वर्षी त्याच पुस्तकांसमोर बसवण्याआधी तिच्याशी घरातल्या कोणीतरी शांतपणे बोललं पाहिजे.

तुमच्या घरात नसेल, पण हे वाचणाऱ्यांत अपंगत्व असलेल्या मुलांचे पालकही असतील. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आहे म्हणून मूल आपोआप अपात्र ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला, तोही महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात. अपंगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने त्या मुलाला अभ्यासक्रम प्रत्यक्षात झेपतो का, हे तपासायचं असतं. प्रमाणपत्र मात्र नेमून दिलेल्या मंडळाचंच लागतं. जिल्हा रुग्णालयाचं जुनं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

परदेशाचा विचार करायचाच असेल तर एजंटच्या माहितीपत्रकाआधी २०२१ ची परदेशी वैद्यकीय पदवीधरांची नियमावली वाचा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि ती पदवी घेऊन त्या देशातही डॉक्टर म्हणून नोंदणी करता आली पाहिजे. भारतात परत आल्यावर परवाना परीक्षा आणि इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी. नीट पात्र असणं तिथेही सक्तीचं आहे. शेवटची, नोंदणीची अट बऱ्याच पालकांना माहीत नसते. काही देश परक्या विद्यार्थ्याला शिकवतात, पण प्रॅक्टिसचा परवाना देत नाहीत. अशी पदवी इथे कागदापलीकडे काही नाही.

प्रवेश मिळाल्यानंतरचंही थोडं. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी लागते आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. हजेरी तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासनाच्या सेवेत काढायचं असतं. ते वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढलेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेक मुलामुलींचा हात तिथेच बसला, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका.

अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना पसंतीत नांदेड किंवा लातूरची महाविद्यालयं घाला. प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात वैधतेसाठी शिफारसपत्र मागा, आणि तोवर मुलीच्या आजोबांच्या शाळेत जाऊन निर्गम उतारा काढून ठेवा. मुलीची जन्मतारीख, तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, आणि घरात कोणाला वैधता मिळाली आहे का, हे कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.